पडद्यावरच्या सवती

मी एक जुनी मोटारसायकल बोलतेय. पुढचं चाक व्हरांड्याच्या भिंतीला, हँडल खिडकीच्या गजांना टेकलेलं आणि दिवा थेट बैठकीच्या खोलीकडे रोखलेला, अशी माझ्या आयुष्यातली कितीतरी वर्षं गेली. त्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचा टीव्ही दिसायचा. तो बघ असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण एका जागी उभं राहायचं म्हटलं की समोर येईल ते बघावंच लागतं, आणि जे बघितलं त्यानं माझ्या जिवाला घोर लावला.

टीव्हीवर मोटारसायकलींच्या शर्यतींचे माहितीपट लागायचे. माझा मालक, म्हणजे त्या घरातला थोरला मुलगा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. संध्याकाळी घरी आला की हातापायांचं ग्रीस साबणानं खरवडून काढायचा, चहाचा कप घ्यायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. मग त्या यायच्या. चकचकीत, सडपातळ, अंगावर रंगीत अक्षरं मिरवणाऱ्या. माझ्या सवती.

त्यांचे लाड काय सांगू. एका गाडीच्या मागे सहा-सहा माणसं. कोणी तिच्या साखळीवर तेलाचा थेंब सोडतंय, कोणी मऊ फडक्यानं तिची काच पुसतंय. टायर गार पडू नयेत म्हणून शर्यतीच्या आधी त्यांच्या चाकांना ऊबदार पांघरुणं गुंडाळतात. मी थंडीत उघड्यावर कुडकुडत उभी, आणि माझ्या सीटवर बहुतेक वेळा वाळत घातलेली पायपुसणी. त्यांच्यातली एखादी वळणावर घसरून पडली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मग तेच पडणं संथ करून पुन्हा दाखवायचे आणि त्यातही ती सुंदर दिसायची. मी एकदा चिखलात आडवी झाले होते, तेव्हा समोरचा न्हावी दुकानातून एवढंच म्हणाला होता, "बाजूला घ्या ती, रस्ता अडतोय."

तसा माझा जन्म साधाच. कारखान्यात एका पट्ट्यावरून माझ्यासारख्या शेकडो बहिणी पुढे सरकत होत्या, त्यामुळे आपण कोणी विशेष आहोत असं वाटायला जागाच नव्हती. मला घरी आणलं ते बाबांनी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. ते कचेरीत रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढायचे, आणि मला चालवायचे तेही कागदावर रेघ ओढल्यासारखे, सरळ आणि सावकाश. पुढे टाकीवर थोरला, मागे आई, आईच्या मांडीवर धाकटा. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे. "जाऊ दे. त्यांना घाई आहे, आपल्याला नाही," असं बाबा म्हणायचे आणि आई मागून हसायची.

माझ्या पोटात काय चाललंय ह्याचं वेड पहिल्यांदा थोरल्याला लागलं. गॅरेजवाल्यांच्या मागे मागे करून तो शिकला, आणि जे शिकला ते घरी येऊन धाकट्याला शिकवायचा. अंगणात जुनी चादर पसरायची, माझे भाग काढून तिच्यावर मांडायचे आणि पुन्हा जोडायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा, ही युक्ती त्याचीच.

"काय ऐकू येतंय?"

"टकटक."

"कसली टकटक? दार वाजवल्यासारखी?"

धाकटा डोळे मिटून ऐकायचा. "नाही दादा. आईच्या शिवणयंत्रासारखी."

"मग बरोबर आहे. दार वाजलं की मला हाक मार."

पुढे दूरच्या एका शहरात शर्यतीच्या गाड्यांचं काम शिकवायला मुलं घेणार असल्याचं कळलं. दोघं भाऊ माझ्यावर बसून परीक्षेला गेले. दोघांचीही निवड झाली. परतताना ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की माझा आवाज मलाच ऐकू येईना. घरी पोचलो तर दारात शेजारीपाजारी जमलेले. बाबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली, शब्द तोंडातच अडकायला लागले. एका मुलानं घरी राहणं भाग होतं. कोणी राहायचं ह्यावर कधी बोलणं झालंच नाही. थोरला फक्त म्हणाला, "तू हो पुढे. मी बघतो इकडचं."

धाकटा गेला. थोरला लिफ्टच्या कामाला लागला. बाबांना माझ्यावर बसवून, चादरीनं आपल्या पाठीशी बांधून तो दवाखान्यात न्यायचा. बाबा गेले, तेव्हा डॉक्टरांना आणायला मीच धावले होते. मग लग्न झालं, वहिनी आली. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, तोंडानं तिखट आणि मनानं मऊ. धाकटा तिकडे या कारखान्यातून त्या कारखान्यात जात राहिला, आणि एक दिवस फोन आला की शर्यतीच्या एका मोठ्या संघात तो मेकॅनिक झाला. आईनं सगळ्या आळीला सांगितलं. थोरल्यानंही सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढता काढतासुद्धा तो सांगायचा.

मग तो माहितीपट आला. त्या संघावरचाच होता. घरातले सगळे खुर्च्या ओढून बसले होते. न्हावीही आला होता. बराच वेळ नुसत्या गाड्याच धावत होत्या आणि मी खिडकीबाहेर जळत होते. मग एकदम धाकटा दिसला. अंगात संघाचा सदरा, हातात पान्हा. तिकडच्या भाषेत बोलत होता आणि खाली आपली अक्षरं उमटत होती. आईला ती दिसत नव्हती म्हणून वहिनी वाचून दाखवत होती.

"म्हणतायत, घरी वडिलांची एक जुनी गाडी होती. तिनंच मला सगळं शिकवलं."

माझ्या अंगावर नवा रंग चढल्यासारखं झालं. साऱ्या जगासमोर, त्या टवळ्यांच्या मधोमध उभं राहून त्यानं माझं नाव घेतलं होतं. मी इतकी फुलून गेले की पुढचं वाक्य माझ्या लक्षातच आलं नाही. वहिनीनं ते वाचलंच नाही. पण थोरल्याला अक्षरं दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'शिकवायला दुसरं कोणीच नव्हतं.'

"दादाचं काही म्हणाला का गं?" आईनं विचारलं.

"म्हणाले की. घरच्यांचं म्हणाले," वहिनी म्हणाली आणि उठून आत गेली.

थोरला उठला. न्हाव्याला चहा दिला, टीव्ही बंद केला. पण दुसऱ्या दिवसापासून तो शर्यतींचे माहितीपट अधाशासारखे बघायला लागला. मिळेल तो, जुना, नवा, कुठल्याही देशातला. आणि मधूनच तो भावाचा माहितीपट काढायचा, त्या वाक्यापर्यंत आणायचा, थांबवायचा. भावाचं तोंड उघडं राहायचं आणि हा त्याच्याकडे बघत बसायचा.

"आज कोण पडलं?" वहिनी आतून विचारायची.

"कोणी नाही."

"मग एवढं काय बघताय?"

तो आवाज बारीक करायचा. पडद्यावरच्या गाड्या मुक्यानंच धावायच्या.

पूर्वी दर सुट्टीला तो मला धुवायचा. ते आता बंद झालं. माझ्या मडगार्डला गंज धरला, आरसा सैल होऊन खाली बघायला लागला. सकाळी किक मारायचा तेव्हा चार-पाच वेळा मारल्याशिवाय माझं इंजिन धरायचं नाही, आणि तो नुसता पुढच्या किकेला पाय उचलायचा. मला वाटायचं, ह्याचं मन त्या सवतींनी खाल्लं. आपण साध्या घरच्या, आपल्याकडे आता कोण बघणार. त्याला दुसरंच काही खात होतं हे मला कळायला धाकटा घरी यावा लागला.

तो आला तो एकटा आला नाही. संघात गाड्या सांभाळणाऱ्या माणसांवर नवा माहितीपट होणार होता. बरोबर एक उंच दिग्दर्शिका होती आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक अबोल माणूस. त्यांना मी हवी होते. 'हीच का ती गाडी' म्हणत दिग्दर्शिकेनं माझ्याभोवती फेरी मारली. माझ्यावरची पायपुसणी झाली दूर, गंज घासला गेला, आरसा वर झाला. मला नव्या नवरीसारखं सजवत होते आणि थोरला दाराशी कामाची पिशवी घेऊन उभा होता.

"सुरू होते का अजून?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

धाकट्यानं पाय टाकला आणि एकच किक मारली. मी सुरू झाले. पहिल्या किकेला. कॅमेरा माझ्यावर रोखलेला होता, माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि माझं इंजिन असं काही धडधडलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. सगळे हसले. मग माझं लक्ष थोरल्याकडे गेलं. तो माझ्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखली. पांघरुणं गुंडाळलेल्या त्या चाकांकडे मी अशीच बघायचे.

"इतकी वर्षं हिला कोणी सांभाळलं?" दिग्दर्शिका विचारत होती.

"दादानं," धाकटा म्हणाला.

"मग त्यांनाही घेऊ या की."

"मला ड्युटी आहे," थोरला म्हणाला. आणि मला तिथंच सोडून चालत बसच्या थांब्याकडे गेला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा धाकटा व्हरांड्यातच बसून होता. दोघंही माझ्या दोन बाजूंना. आत आई आणि वहिनी टीव्ही बंद करून बसल्या होत्या. ऐकत होत्या हे उघड होतं.

"दादा, रागावलायस तू."

"नाही रे छोट्या."

"मग बसनं का गेलास?"

थोरल्यानं पिशवी खाली ठेवली. "तू टीव्हीवर जे बोललास ते मी कितीदा ऐकलंय, ते वहिनीला विचार."

 धाकटा म्हणाला, "तिथं प्रत्येकाचा बाप नाहीतर काका शर्यतीतला. मी एकटा शिकलो म्हटलं की लोक ऐकायचे. आधी गमतीत म्हटलं. मग तेच सगळीकडे झालं."

"बरं."

"तेवढंच नाही. तुझं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, तो का आला नाही. मग काय सांगायचं? दोघांपैकी एकानं थांबायचं होतं आणि 'मी थांबतो' हे माझ्या तोंडातून निघालंच नाही, हे सांगायचं? तू बोलेपर्यंत मी गप्प बसून होतो, दादा. तू बोलशील हे मला माहीत होतं."

थोरला माझ्या टाकीवर बोटानं रेघा ओढत राहिला. 

"मला तुझा हेवा वाटतो," तो म्हणाला. "रोज वाटतो. ते माहितीपट मी गाड्यांसाठी बघत नाही. मी तिथं असतो तर कुठे उभा असतो, ते शोधत असतो. एखादा माणूस मागून माझ्यासारखा दिसला की पुन्हा मागे नेऊन बघतो. तू जे म्हणालास त्याचा राग कदाचित उतरेल. पण हे जाईल असं वाटत नाही."

मी मोटारसायकल आहे, मला रडता येत नाही. पण त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी त्या सवतींवर जळत होते आणि तो बिचारा माझ्या हँडलाशेजारीच माझ्याहून जास्त जळत होता. एवढी वर्षं आम्ही एकच दुखणं घेऊन एका व्हरांड्यात राहत होतो.

"उद्या मी कॅमेऱ्यासमोर खरं सांगतो," धाकटा म्हणाला.

"ते तुझं तू बघ. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

मग धाकट्यानं ज्यासाठी तो खरं म्हणजे आला होता ते काढलं. संघाच्या कारखान्याला लागून एक मोठं दालन होतं. तिथं जिंकलेल्या गाड्या ठेवतात, लोक बघायला येतात. संघातल्या माणसांच्या पहिल्या गाड्याही आता तिथं ठेवणार होते. त्याला मला न्यायचं होतं.

 त्या सवतींमध्ये, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. ह्यासाठी तर मी जन्मभर तडफडले होते.

"ने," थोरला म्हणाला. क्षणाचाही विचार न करता. "तिथं शोभेल ती. इथं मी तिला नीट बघतसुद्धा नाही."

इतक्या पटकन त्यानं मला द्यावं हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. "माझ्या नवऱ्याची गाडी आहे. मला विचारलं का कोणी?"

दोघं उठून उभे राहिले.

"तिथं पाटी लावतात ना गाडीपुढे?" आईनं धाकट्याला विचारलं. "त्यावर दोघांची नावं लाव. आधी दादाचं. मग ने."

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं रजा टाकली नाही, पण उशिरा जाईन म्हणून कळवलं. कॅमेऱ्यासमोर धाकटा उभा राहिला आणि दादानं शिकवलं, दादा का आला नाही, सगळं बोलला. बोलताना दोनदा अडखळला. थोरला बाजूला उभा राहून बुटाची नाडी बांधत होता, ती बराच वेळ बांधून होईना. मग त्यांनी दोघांना माझ्यावर बसवलं. पुढे कोण, मागे कोण ह्यावर दोघंही थबकले. शेवटी वहिनी म्हणाली, "भाऊजी, मागे बसा. तुम्हाला इथले खड्डे माहीत नाहीत." कॅमेऱ्याची गाडी पुढे आणि आम्ही मागे. त्या फेरीत मी माझ्या दोन्ही मुलांना घेऊन धावले. शर्यत नव्हती, तरी मला कोणी मागे टाकलं असेल असं वाटत नाही.

आता मी त्या दालनात आहे. डाव्या हाताला एक विजेती उभी आहे, उजव्या हाताला दुसरी. जवळून बघितलं तर त्यांच्या अंगावरही ओरखडे आहेत, आणि एकीच्या इंजिनात तर काहीच नाही, नुसतंच कवच. माझ्याही टाकीतलं पेट्रोल त्यांनी काढून घेतलं. आमच्यासमोर मोठ्या पडद्यावर माहितीपट चालू असतो. त्यात मी येते, दोन भावांना घेऊन, थोडा वेळ. लोक त्यांच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, पाटी वाचतात. ह्याहून मोठा मान मला मिळाला नसता. तरी माझ्या मनातली आग विझलीय असं समजू नका. तिनं फक्त तोंड फिरवलं.

गेल्या शर्यतीला धाकट्यानं सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. आईला प्रवास झेपला नाही, थोरला आणि वहिनी आले. थोरला माझ्यासमोर आला आणि सवयीनं त्यानं सीटवर हात ठेवला.

"काका, हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला.

"बरं बरं," म्हणत तो दोरीच्या मागे सरकला. वहिनी रखवालदाराशी भांडायला निघाली होती, तिला त्यानं अडवलं. "त्याचं काम करतोय तो. बघ किती छान ठेवलंय हिला."

मग धाकटा त्याला ट्रॅकवर घेऊन गेला. दुपारभर बाहेरून गर्जना येत होत्या. परत आला तेव्हा थोरल्याचा आवाज पार बसला होता. तो ओरडत होता म्हणे, साऱ्या लोकांबरोबर उभा राहून. "टीव्हीत ह्यातलं काहीच कळत नाही गं," तो वहिनीला सांगत होता.

"अजून वाटतो का रे हेवा?" धाकट्यानं हळूच विचारलं.

"वाटतो ना," थोरला बसलेल्या आवाजात म्हणाला. "आज तर फारच." आणि दोघंही हसायला लागले.

ते दोघं चहाला गेले तेव्हा वहिनी मागे राहिली. माझ्याजवळ येऊन, रखवालदाराकडे पाठ करून, मला ऐकू जाईल असं म्हणाली, "स्कूटर घेतली गं आम्ही. मी शिकले. सकाळी मीच ह्यांना कामावर सोडते, हे मागे बसतात."

स्कूटर. विजेत्यांवर जळले त्याला काही अर्थ तरी होता. आता मी एका स्कूटरवर जळते, जिला धड आवाजसुद्धा नाही, जिच्या पायाशी भाजीची पिशवी ठेवतात. ती माझ्या जागी, माझ्या खिडकीशी उभी असेल. वहिनीच्या मागे बसून थोरला तिच्यावरून जात असेल.

दालनाची वेळ संपत आली, दिवे एकेक बंद होतायत, तुम्हीही निघालात. जाता जाता माझं एवढं काम करा. कधी त्या घरावरून गेलात, तर व्हरांड्यातल्या त्या स्कूटरला माझा निरोप द्या. तिला म्हणावं, बाई, तुझ्याशी माझं पटणं शक्य नाही. पण एक गोष्ट सांगते, ती आजवर मी कोणाला सांगितली नाही. कामावर जाताना पाण्याच्या टाकीपुढचा उतार लागला की थोरला गुणगुणतो. सूर जरा खालीवर होतो, शब्द तर चुकतातच. पण तेवढ्या वेळात तो कोणावरही जळत नसतो. तेव्हा त्या उतारावर तू हळू जा.